ओळख न दाखवणाऱ्या बाई

बाजारात बाई भाजीकडे बघत चालायच्या, माणसांकडे नाही. टोमॅटोच्या ढिगासमोर उभ्या असल्या की शेजारी कोण येऊन थांबलंय, हे त्यांना पायांवरून कळायचं. तपकिरी बूट, डावी टाच झिजलेली, म्हणजे मंगळवारी अकराला येणारे गृहस्थ. परवा पन्नास मिनिटांच्या तासातली वीस मिनिटं नुसते रडले होते. बाई टोमॅटो निवडत राहायच्या. त्यांच्या कामाचा नियमच होता तसा. आपल्याकडे मन मोकळं करायला येणारं माणूस बाहेर भेटलं, तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. त्याने दाखवली तर हसून मान हलवायची, तेवढंच. त्याच्या सोबत बायको असेल, साहेब असेल. ‘या कोण?’ असं त्यांनी विचारलं तर त्या बिचाऱ्याने काय सांगायचं?

मनोविश्लेषणाचं हे काम बाई एकोणतीस वर्षं त्याच गावात करत होत्या. ज्यांना ओळखायचं नाही अशी माणसं हळूहळू इतकी वाढली, की उरलेल्यांकडे बघायचीही सवय गेली. भाजीवालीने त्यांचं नाव गप्पबाई ठेवलं होतं. “शिकलेल्या आहेत ना, आमच्याशी कशाला बोलतील?” असं ती शेजारच्या कांदेवाल्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची. ते बाईंनाही ऐकू जायचं. पण त्या भाजीवालीची थोरली सून दर सोमवारी बाईंकडे येते, हे भाजीवालीला ठाऊक नव्हतं. बाई पिशवी उचलून निघून जायच्या.

घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. पुढची खोली कामाची. एक लांब कोच, त्याच्या डोक्यामागे बाईंची खुर्ची, समोर फक्त बाईंनाच दिसेल असं घड्याळ, आणि हाताशी कागदी रुमालांचा डबा. येणारा जिन्याने यायचा आणि जाणारा मागच्या गॅलरीतून उतरायचा, म्हणजे एकाची दुसऱ्याशी गाठ पडायला नको. भिंती कोऱ्या. आपल्यामागे बसलेल्या बाईचं घरदार कसं आहे, हे कोचावरच्या माणसाला कळू नये, म्हणून आईवडिलांचा फोटो आधी आतल्या खोलीत गेला आणि तिथूनही दार उघडं राहिलं की दिसतो म्हणून कपाटात गेला.

“ताई, तुझ्या घरी आलं की बँकेत आल्यासारखं वाटतं,” धाकटी बहीण म्हणायची. “आता कुणीतरी टोकन देईल असं वाटतं बघ.”

लग्न राहूनच गेलं होतं. तसं ठरवून काही नव्हतं. दिवसाला सात माणसांची दुःखं ऐकली की संध्याकाळी स्वतःचं काही सांगायला तोंड उघडायचा कंटाळा यायचा, आणि पुढेपुढे तर कुणी विचारायचंच थांबलं.

अपवाद एक. गुरुवार, संध्याकाळी पाच. हे काम शिकणारे पाच जण जेवणाच्या टेबलाभोवती दाटीवाटीने बसायचे, आणि त्या आठवड्यात कुणाचं काय ऐकलं, कुठे चुकलं, कुठे नको तेव्हा बोललो, हे नावं न घेता सांगायचे. बाई सहा कप चहा टाकायच्या. त्या तासात त्या भांडायच्या, हसायच्या, एकाला “अरे, समोरचं माणूस बुडतंय आणि तू त्याला पोहण्याचं पुस्तक वाचून दाखवतोयस!” म्हणून झापायच्या. आणि आठवड्यातून एकदाच, त्या वेळात, कुणीतरी म्हणायचं, “बाई, आज आवाज बसलाय तुमचा. आलं टाकलंत का चहात?” बाई बुधवारपासूनच बिस्किटं आणून ठेवायच्या.

त्या स्वतः हे काम थोरल्या डॉक्टरांकडे शिकल्या. सगळे त्यांना थोरले डॉक्टरच म्हणत. दुसऱ्याच्या मनात हात घालायचा तर आधी स्वतःचं मन कुणाच्या तरी हाती द्यावं लागतं, हा त्यांचा आग्रह. म्हणून बाई सहा वर्षं, आठवड्यातून चारदा, सकाळी सातला त्यांच्या कोचावर आडव्या व्हायच्या आणि बोलायच्या. हजारावर तास भरले असतील. पण डॉक्टरांनी एका ओळीचाही कागद केला नाही. “कागद झाला की कधीतरी कुणीतरी तो वाचणार,” म्हणायचे. स्वतःसाठी ठेवलेल्या वह्यासुद्धा ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने त्यांच्या सांगण्यावरून मागच्या अंगणात लोखंडी बादलीत जाळल्या. पुढे त्याही गेल्या.

मग एके दिवशी ती मुलगी आली. कॉलेजात शिकणारी, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेली. आधी ती चौकातल्या एका समुपदेशकाकडे जात होती. बावीस वर्षं त्याच्या दारावर ‘मनोविश्लेषक’ म्हणून पाटी, शिक्षण काय तर सहा रविवारचा एक वर्ग. मुलीने त्याला जे सांगितलं, ते त्याने एका लग्नाच्या पंगतीत तिच्या मावशीला सांगून टाकलं. काळजीपोटी, असं त्याचं म्हणणं. मुलगी बाईंसमोर सात तास बोललीच नाही. बाईही बोलल्या नाहीत. आठव्या तासाला तिने विचारलं, “तुम्ही कुणाला सांगणार नाही, हे मला कसं कळणार?”

 बाईंनी हा प्रश्न मनोविश्लेषकांच्या मंडळाकडे नेला. हे काम शिकवणार कोण, शिकणाऱ्याने किती तास वर्गात बसायचं, जाणत्याच्या देखरेखीखाली किती माणसं बघायची, स्वतः किती तास कोचावर घालवायचे, याचे काही निकष हवेत की नकोत? मंडळाने सात जणांची समिती नेमली. बाईंची भाषा चांगली, म्हणून मसुदा लिहायचं काम त्यांच्याच गळ्यात आलं.

चौदा महिने. महिन्यातून एक रविवार, ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत, डुगडुगत्या टेबलाभोवती. मन ओळखण्यात आयुष्य घालवलेली सात माणसं पंखा किती वेगाने लावायचा यावरून पाऊण तास रुसायची. अध्यक्ष विद्यापीठातून निवृत्त झालेले प्राध्यापक होते. कुणी भांडायला उठलं की ते त्याच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवायचे, आणि समोरच्याचं तोंड भरलं की विषय पुढे न्यायचे. बाई डोळ्यांत तेल घालून एकेक ओळ लिहायच्या.

सातव्या कलमावर त्यांचा विशेष जीव होता. शिकवणाऱ्यासाठी अट: ‘त्याने स्वतःचं किमान तीनशे तासांचं विश्लेषण पूर्ण केलेलं असावं, आणि विश्लेषकाची किंवा संस्थेची लेखी नोंद सोबत जोडावी.’ पुढचं वाक्य होतं, ‘नोंद नसल्यास तास नव्याने पूर्ण करावेत.’ तीन मसुद्यांतून हे कलम एक अक्षरही न बदलता पुढे गेलं.

शेवटच्या बैठकीला आठवडा उरला असताना बाईंनी शिकवण्याच्या परवानगीसाठी करायच्या अर्जाचा नमुना तपासायला घेतला. रकाने पुरेसे आहेत ना, हे बघायला एक कोरा अर्ज स्वतःच्याच नावाने भरला. नाव, शिक्षण, अनुभव, सगळं भराभर. नवव्या रकान्यात लिहिलं होतं, ‘स्वतःच्या विश्लेषणाची नोंद (जोडावी).’

पेन तिथेच थांबलं.  जोडायला कागद नव्हता. सही करायला माणूस नव्हतं. चौदा महिने खपून त्यांनी जो दरवाजा बसवला, त्याच्या बाहेर त्या स्वतःच उभ्या होत्या. म्हणजे शिकवणं बंद, गुरुवार गेला.

एखादा दुकानदार असता तर ‘नजरचूक झाली’ म्हणाला असता. बाईंच्या धंद्यात नजरचूक नावाची गोष्टच नसते. जे दिसायला हवं ते चौदा महिने दिसलं नाही, याला काहीतरी कारण असणार, हे त्या दुसऱ्या कुणालाही चटकन म्हणाल्या असत्या.

त्यांनी बहिणीला फोन लावला.

“मग त्यात काय एवढं?” बहीण म्हणाली. “तूच लिहितेस ना? एक ओळ घाल. ‘ज्येष्ठांना सूट.’ बसमध्येसुद्धा असते.”

“बसमध्ये कुणाला काही शिकवायचं नसतं गं.”

“तुझं हेच. सगळ्या जगाचं ऐकून घेतेस आणि माझं एक ऐकत नाहीस. एकसष्ट वर्षांची झालीस, ताई. कुणाला पुरावा द्यायचाय तुला?”

फोन ठेवून बाईंनी ती ओळ लिहिलीसुद्धा. ‘वीस वर्षांहून अधिक अनुभव असणाऱ्यांना ही अट लागू नाही.’ छान बसली होती. वाचून पाहिली, पुन्हा वाचली, आणि तिसऱ्यांदा वाचताना त्यांना चौकातली पाटी दिसली. बावीस वर्षं. त्या ओळीतून बाईंच्या पाठोपाठ तो समुपदेशकही सरळ आत येणार होता, आणि उद्या पाच पोरांना घेऊन शिकवायला बसणार होता. मांड्यांखाली हात दाबून बसलेली ती मुलगी अजूनही दर शुक्रवारी यायची. बाईंनी ती ओळ खोडली. एका रेघेने समाधान झालं नाही, म्हणून दोन मारल्या.

बैठकीत त्यांनी आपला अर्ज सगळ्यांसमोर ठेवला. नववा रकाना कोरा.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “बाई, तुम्ही थोरल्या डॉक्टरांकडे होतात हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. आम्ही लिहून देतो की!”

“तुम्हाला मी सांगितलं म्हणून माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “तुमच्यातलं कोण होतं त्या खोलीत?”

“मग आपण अनुभवी लोकांसाठी एक सवलत...”

“मीही लिहिली होती. खोडली. त्या ओळीचा फायदा पहिला कोण घेईल, ते तुम्हाला ठाऊक आहे.”

अध्यक्षांनी बशी सरकवली. बाईंनी बिस्किट घेतलं नाही. पंखा फिरत राहिला आणि त्याच्या वेगाबद्दल त्या दिवशी कुणीच तक्रार केली नाही. सातवं कलम होतं तसं मंजूर झालं.

गुरुवारचा वर्ग मंडळाने दुसऱ्या एका विश्लेषकाकडे दिला. त्याच्याकडे कागद होते आणि माणूसही बरा होता. पोरांनी बाईंना एक शाल दिली, गळ्यात पडली, फोन करू म्हणाली. दोघांनी केलाही. पुढच्या गुरुवारी पाचला बाईंनी चहा टाकला, गाळला, आणि ओट्यावर ओळीने मांडलेले सहा कप पाहून तिथेच उभ्या राहिल्या. एक कप प्यायल्या. बाकीचे पाच, एकेक करून, बेसिनमध्ये ओतले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला फोन केला. दोन वर्षांपूर्वी तिथे एक तरुण विश्लेषक बाई राहायला आल्या होत्या. परगावच्या संस्थेत शिकलेल्या, इथल्या कुणाशी लागाबांधा नसलेल्या. मागे एकदा भेटायला आल्या, तेव्हा बाईंनी त्यांना पाणी दिलं होतं आणि सात मिनिटांत वाटेला लावलं होतं.

“तीनशे तास,” बाई फोनवर म्हणाल्या. “नोंदीसकट.”

“मंगळवार आणि गुरुवार मोकळे आहेत,” पलीकडून आवाज आला. “संध्याकाळी पाच.”

कोचावर आडवं झाल्यावर छत दिसतं, हे बाई विसरल्या होत्या. छताला ओलीचा एक डाग होता, किटलीच्या आकाराचा.  किती मिनिटं गेली ते कळेना.

“घड्याळ कुठे ठेवलंय तुम्ही?” शेवटी त्यांनी विचारलं.

“ते तुम्हाला दिसायला हवं होतं का?” मागून प्रश्न आला.

बाईंना हसूच फुटलं. शब्दन् शब्द आपलाच. एकोणतीस वर्षं हे वाक्य आपण लोकांच्या डोक्यामागून टाकतोय, आणि इतकं चिडायला होतं त्याने, हे एकानेही सांगू नये?

पाचव्या तासाला त्या सातव्या कलमाबद्दल बोलल्या. “चौदा महिने माझ्या हाताखालून जात होतं, आणि मला दिसलं नाही.”

 मागून मऊ आवाज आला, “नोंद नसेल तर काय करायचं, तेही तुम्हीच लिहिलंत ना?”

तास नव्याने पूर्ण करावेत. बाईंनी ते वाक्य छताकडे बघत मनात वाचलं. दुसऱ्या कुणासाठी लिहिलं असं समजून लिहिलेलं. एका डोळ्यातलं पाणी कानाकडे ओघळलं. आडवं असलं की पाणी तिकडेच जातं. “मला सहा कपांचं सांगायचंय,” त्या म्हणाल्या, आणि हात लांब करून डब्यातला रुमाल घेतला. खरखरीत होता. आपल्याकडचे मऊ आहेत, अशी त्यांनी मनात नोंद केली.

त्या शनिवारी बाई बाजारात टोमॅटो निवडत होत्या. शेजारी निळ्या चपला येऊन थांबल्या. त्या चपला मंगळवारी आणि गुरुवारी पाचला दार उघडतात. बाईंनी आपल्याही नकळत मान वर केली. तरुण विश्लेषक बाईंची नजर त्यांच्यावरून गेली आणि काकड्यांवर जाऊन टेकली. चेहऱ्यावर रेषा हलली नाही. काम चोख शिकलेली होती.

 तपकिरी बुटांना, भाजीवालीच्या सुनेला, त्या मुलीला, सगळ्यांना बाजारात असंच वाटलं असणार. माझं सगळं जिला ठाऊक आहे, ती माझ्यापासून हातभर अंतरावर काकड्या चाचपतेय.

मग त्यांच्या लक्षात आलं की या खेपेला ओळख दाखवायची की नाही, हे ठरवणं त्यांच्या हातात आहे.

“नमस्कार,” बाई म्हणाल्या. आवाज जरा मोठाच निघाला.

तरुण बाईंनी वळून पाहिलं, हसून मान हलवली, तेवढंच, आणि काकड्या घेऊन पुढे गेल्या.

भाजीवाली तराजू धरून बघतच राहिली. “अगंबाई! बोलता की तुम्ही! कोण त्या?”

बाईंनी पिशवी उघडून धरली. “ओळखीच्या आहेत,” त्या म्हणाल्या. “टोमॅटो अर्धा किलोच द्या. एकटीलाच लागतात.”