चुन्याच्या रेघेआत कोळणी

पुण्याहून निघताना पत्रकांचा गठ्ठा एस.टी.च्या टपावर बांधला आणि बोरघाट उतरेपर्यंत भाषणाची उजळणी केली. पनवेलला लाकडी मंडई होणार आणि कोळणींना तिच्या बाहेर, उन्हात बसवणार, असे कळले होते. पत्रकात मी या प्रकाराला 'निर्लज्ज' म्हटले होते. तोही शब्द मला सौम्यच वाटत होता.

बाजाराशी उतरलो तर सागाचे सोट रचून ठेवलेले. शेजारच्या मोकळ्या जागेत भिडे ओव्हरसियरांनी मंडईचा नकाशा खऱ्या मापाने जमिनीवरच आखला होता. भिंतीच्या जागी चुन्याची रेघ, खांबाच्या जागी बांबू. आज विकणाऱ्यांना बसवून पाहायचे, नगरपालिकेच्या अध्यक्षांनी पसंती द्यायची, मग खांब रोवायचे, असा बेत. भाजीवाले रेघेच्या आत होते, कोळणी बाहेर.

"मासळीच्या पाण्याने लाकूड कुजतं, हेच कारण ना?" मी भिड्यांना गाठले. "मग खांबाखाली दगड घाला. जमिनीला उतार द्या."

"दोन्ही नकाशात आहे," ते म्हणाले. "लाकडाची तक्रार नाही हो. अध्यक्षांना वास चालत नाही. ते हो म्हणाले तर रेघ आत्ता हलवतो."

म्हणजे यांच्यावर चिडायचीही सोय नाही. मी पत्रके वाटू लागलो. ठकूबाई नावाच्या कोळणीने मूठभर मागून घेतली.

"सगळ्यांना वाचून दाखवणार, मावशी?"

"वाचाया नाय, मासळी बांधाया. दादा, पाटी उचल जरा. छप्पर हितं येनार ना? मंग आमी हितंच बसतो."

पाटी घेऊन मी रेघ ओलांडली. मागोमाग बाकीच्या आल्या, त्यांच्यामागे गिऱ्हाइके.

तेवढ्यात अध्यक्ष आले. "यांना आत कोणी..." म्हणता म्हणता त्यांची नजर पाटीतल्या जिताड्यावर (खाडीतला मोठा, चवदार मासा) गेली. माझे भाषण घशाशी आले होते.

"ताजा आहे?"

"सकालचा हाय. पन सायेब, तुमाला वास येल."

"जिताड्याला कसला वास?"

लोक हसले. ठकूबाईने कोयती माशावर टेकवली आणि तशीच धरून ठेवली. "मंग आमी कुटं बसू?"

अध्यक्षांनी माशाकडे पाहिले, मग भिड्यांकडे. "बसल्यात तिथं बसू द्या."

"एक खण वाढवावा लागेल," भिडे म्हणाले.

"वाढवा. आधी मासा कापू द्या."

भिड्यांनी स्वतः बांबू उपटले आणि पलीकडे रोवले. अध्यक्ष तुकड्या बगलेत घेऊन गेले. बांधलेला कागद माझाच होता, 'निर्लज्ज' वरच्या बाजूला.

दुपारी ठकूबाईकडे कालवण आणि तांदळाची भाकरी जेवलो. भांडण तयार करून नेले होते, ते तसेच परत आणावे लागले. खरे सांगतो, हायसे वाटले. छप्पर मिळाल्यावर शब्दांना वाऱ्यावर सोडायला माझी हरकत नाही.

परतीच्या गाडीत तिने दिलेली सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) मांडीवर होती. शेजारच्या गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला. सकाळचा मी असतो तर त्यांना घाटभर ऐकवले असते. मी उठून खिडकी उघडून दिली.