शेठचा आवाज

आमच्या चॅनेलचे शेठ स्वतःच फोन करतात आणि वर म्हणतात, "हां, बोला." गालात सुपारी, निम्मे शब्द आतच. मी धुळ्याहून जळगावला आलो ते बातम्या वाचायला, पण ऑफिसात मला भाव होता तो वेगळ्याच कामामुळे. चहाच्या वेळी शेठचा आवाज काढायचा. संपादक आबा तर डोळे पुसायचे हसून हसून.

शेठचं रावेरकडे केळीचं पॅकहाऊसपण आहे. तिथं बायकांना नेणारी ट्रॉली उलटली आणि एका बाईचा हात चेंगरला. पॅकहाऊसवाले म्हणाले, ही आमच्याकडे कामाला नव्हतीच. सुपरवायझरनं तर टोमणा मारला, "जा, टीव्हीवर सांग." म्हणून ती खरंच माझ्या कॅमेऱ्यासमोर बसली. बँडेजमधला हात मांडीवर घेऊन, घड कसे धुतो, खोकी कशी भरतो, बठ्ठं सांगितलं.

बातमी लागलीच नाही. मला वाटलं, शेठनं अडवली असणार. मग शेठचा आवाज तर आपल्याकडे आहे की! गच्चीवर गेलो आणि आबांच्या टेबलावरच्या जुन्या लँडलाइनवर फोन लावला. त्याच्यावर नंबर दिसत नाही.

"हां, बोला."

"शेठ! नमस्कार, नमस्कार." खुर्ची मागं सरकल्याचं ऐकू आलं.

"ती ट्रॉलीची बातमी लावून टाका."

"ती? ती तर मी आल्या आल्या काढून टाकली. तुमच्या कानावर कशी गेली?"

"अहो, लावा म्हणतोय ना."

आबा बारीक हसले. "गरिबाची परीक्षा घेता का शेठ? तुम्ही लावा म्हणाल, पण मला कळतं ना काय लावायचं."

मी फोन ठेवला.

संध्याकाळी मीच वाचलं, "चालकाचा ताबा सुटून ट्रॉली उलटली. एक मजूर महिला जखमी." आबांनी एवढंच लिहून दिलेलं.

बुलेटिन संपलं नाही तोच तिचा फोन.

"भाऊ, ती मजूर महिला म्हंजे मीच ना?"

"हो अक्का."

"मंग पॅकहाऊसचं कव्हा सांगाल?"

वेळ कमी होता, असलं काहीतरी मी बोललो. माझ्याच आवाजात.

"बरं," ती म्हणाली. "पन वाचलं छान तुम्ही."