शिक्क्यातला काना

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या ठाण्यातली चोरी आणि कुठल्या ठाण्यातली मारामारी, हे सांगताना माझाही गोंधळ होतो. एक प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. एका बाईचा हातमाग गेला होता, एवढंच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी पूर्व नागपुरातल्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. आमच्या हद्दीत कोष्टी विणकरांची बरीच वस्ती होती. सकाळी गस्तीला निघालं की गल्लीच्या तोंडापासून मागांची खटखट ऐकू यायची. ज्या घरातून आवाज येत नसे, तिथे आजारपण तरी असे किंवा सूत संपलेलं असे.

एके दिवशी अकराच्या सुमारास हजेरीचं काम आटोपून मी बसलो होतो. चाळिशीची एक बाई आत आली. ठाण्यात येणारा माणूस बहुधा आधी रडतो, नाही तर आधी ओरडतो. ही बाई दोन्ही करत नव्हती.

"साहेब, माहा माग नेला. कोर्टाचे मानसं म्हनून आले होते."

मी सगळी हकीकत विचारली. तिचा नवरा दम्यानं अंथरुणाला खिळलेला होता. त्याच्या औषधपाण्यासाठी तिनं एका सावकाराकडून कर्ज काढलं होतं. निम्म्याहून जास्त फेडलं होतं, पण पावती एकाही वेळी मिळाली नव्हती. दोन हप्ते थकले. सावकारानं ते काम शहरातल्या एका वसुली कचेरीकडे सोपवलं. त्या काळी अशा दोन-चार कचेऱ्या निघाल्या होत्या. दुसऱ्यांची थकबाकी वसूल करून द्यायची आणि त्यातला हिस्सा घ्यायचा, हा त्यांचा धंदा. आदल्या दिवशी दुपारी दोन माणसं तिच्या घरी आली. एकाच्या खांद्यावर पट्टा आणि त्यावर पितळी बिल्ला. त्यांनी शिक्क्याचा कागद दाखवला, दुसऱ्या एका कागदावर तिचा अंगठा उठवून घेतला आणि मागावर अर्धं विणलेलं लुगडं होतं त्याचा ताणा, म्हणजे ताणलेले उभे धागे, कोयत्यानं कापला. मग मागाची लाकडं सुटी करून हातठेल्यावर लादली आणि निघून गेले. कागदही सोबत घेऊन गेले.

मी लेखणी खाली ठेवली. "बाई, हा दिवाणी मामला आहे. कोर्टाची जप्ती असेल तर पोलीस काय करणार? वकील गाठा."

"कोर्टाचे नव्हते ते."

"कशावरून?"

"कोर्ट माग नेत नाही. कारागिराचं हत्यार जप्त नाही होत, साहेब."

शेजारी बसलेले आमचे जमादार हसले. मलाही हसू आलं असतं, पण तिच्या बोलण्यात आव नव्हता. मी विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

"माह्या भावाची केस होती. तीन तारखा कोर्टात बसली मी. तवा एका लोहाराचा भाता जप्त करून आनला होता. जज साहेबानं वापस करवला. म्हनले, कारागिराचं हत्यार जप्त नाही होत, रांधायचे भांडे नाही होत, बिस्तर नाही होत, बाईचं मंगळसूत्र नाही होत. मी ध्यानात ठेवलं."

आता कबूल करायला हरकत नाही, मला हे ठाऊक नव्हतं. आमचा अभ्यास फौजदारी कायद्याचा. दिवाणीचं पुस्तक ठाण्यात नव्हतंही. मी सरकारी वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, "बाई खरं बोलतेय. दिवाणी प्रक्रिया संहितेत तसं स्पष्ट कलम आहे. तिनं जी यादी सांगितली, तीही जवळजवळ तशीच आहे."

फोन ठेवला आणि मी तिला बसायला खुर्ची दिली. ती आल्याबरोबरच द्यायला हवी होती.

जमादारांना दिवाणी कोर्टात नाझराकडे पाठवलं. जप्तीचं प्रत्येक वॉरंट नाझराच्या नोंदवहीतून जातं. तासाभरात ते परत आले. त्या बाईच्या नावानं वॉरंट नव्हतं, दावाही दाखल नव्हता. म्हणजे जप्ती खोटी, बिल्ला खोटा आणि शिक्काही खोटा. आता हा मामला दिवाणी राहिला नव्हता. लोकसेवक असल्याची बतावणी आणि बनावट मोहोर, हे दोन्ही आमच्याच पुस्तकातले गुन्हे होते. मी फिर्याद लिहून घेतली.

अडचण पुराव्याची होती. कागद बाईच्या हाती नव्हता. मी विचारलं, "त्यावर काय लिहिलं होतं, काही आठवतं का?"

"मले वाचता नाही येत, साहेब. शिक्का सांगू शकतो मी. कागद द्या एक."

जमादारांनी एका जुन्या फॉर्मची पाठकोरी बाजू आणि पेन्सिल पुढे केली. तिनं आधी अक्षर काढलंच नाही. आडव्या रेघा मारल्या, उभ्या रेघा मारल्या, लहान लहान चौकटी केल्या. लुगड्याच्या काठाची नक्षी उतरवताना विणकर करतात तसं. मग एकेक चौकट भरत गेली. मधेच डोळे मिटायची, बोटांनी हवेत काहीतरी मोजायची आणि पुन्हा भरायची. अर्धा तास गेला असेल. ठाण्यातली माणसं एकेक करून तिच्या मागे येऊन उभी राहिली. कागदावर गोल शिक्का उमटला होता. कडेला दुहेरी रेघ, डाव्या अंगाला खाली ती रेघ जराशी तुटलेली, आणि मध्ये अक्षरं: दिवाणी न्याय लय.

जमादार म्हणाले, "बाई, एक काना खाल्ला वं तू. 'न्यायालय' पाहिजे."

"मी काहून खाऊ? तिथं जागा खालीच होती. जसं दिसलं तसं काढलं."

मी तो कागद फायलीत ठेवला. खरं सांगतो, मलाही वाटलं की निरक्षर बाई, एक काना सुटला असेल. तेवढं काढलं हेच नवल.

दुसऱ्या दिवशी एक हातठेलेवाला आपण होऊन ठाण्यात आला. फाटकापाशी बराच वेळ घुटमळत होता. शिपायानं आत आणलं.

"साहेब, थो माग मीच वाहून नेला," तो म्हणाला. "मले वाटलं कोर्टाचं काम हाय. माही मावशीबी मागावरच बसते. ताणा कापला तवापासून मले जेवन गोड लागून नाही राहिलं."

त्यानं माल उतरवल्याची जागा दाखवली. कापूस बाजाराच्या मागे एक गोदाम होतं. पंच सोबत घेऊन आम्ही कुलूप उघडवलं. आत ओळीनं सामान मांडलेलं होतं. शिलाई मशिनी होत्या, एकीच्या सुईखाली अर्धी बाही तशीच अडकलेली. सुतारांचे रंधे होते, लोहाराची ऐरण होती, हजामतीची एक खुर्ची होती. चार हातमाग दोरीनं बांधून भिंतीला लावले होते. प्रत्येक वस्तूवर आकड्याची चिठ्ठी. मी चोरीचा माल पुष्कळ पाहिला होता, पण दागिने आणि सायकली पाहणं वेगळं. इथे माणसांचे हातच तोडून ठेवल्यासारखे वाटत होते.

वसुली कचेरीचा मालक संध्याकाळी वकिलासह हजर झाला. स्वच्छ कपडे, गोड बोलणं. माझ्या टेबलावर त्यानं कागदांचा गठ्ठा ठेवला. प्रत्येकावर कर्जदाराचा अंगठा. "वस्तू राजीखुशीनं देत आहे," असा मजकूर.

"आमच्या माणसांनी कोर्टाचं नावसुद्धा घेतलेलं नाही साहेब," तो म्हणाला. "आणि शिक्का वगैरे म्हणता, तर त्या बाईला अक्षर ओळखता येतं का? कोर्टात उभी राहून काय सांगणार ती?"

चौकशीत घाबरलेला माणूस घाई करतो. हा अजिबात घाई करत नव्हता. चहा सावकाश प्यायला. त्याची ती दोन माणसं हातठेलेवाल्यानं ओळखली होती, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. कचेरीच्या झडतीत पट्टा सापडला. शिक्का सापडला नाही. तो केव्हाच विहिरीत गेला असणार.

मग मी महाल आणि इतवारी भागातली रबरी शिक्के करणारी दुकानं धुंडाळायला लागलो. "दिवाणी न्यायालय असा शिक्का कोणी करवला का?" सगळे कानावर हात ठेवायचे. सरकारी शिक्का परवानगीशिवाय करणं गुन्हा, हे त्यांना माहीत होतं. दोन दिवस असेच गेले.

तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या कारागिरासमोर बसलो असताना मला फायलीतला तो कागद आठवला. काही न बोलता मी तो त्याच्यापुढे ठेवला. त्यानं चष्मा लावला, कागद जवळ धरला आणि त्याचा चेहराच उतरला.

"ही चूक माझी आहे साहेब," तो म्हणाला. "तुम्हाला कुठं भेटला हा?"

"कसली चूक?"

"साच्यातला काना निखळला होता. जागा राहिली, काना नाही उठला."

तो उठला आणि फळीवरून एक जाड वही काढली. करून दिलेल्या प्रत्येक शिक्क्याचा एक ठसा तो वहीत उमटवून ठेवत असे. पानं उलटता उलटता थांबला. जांभळ्या शाईतला गोल ठसा. दुहेरी रेघ, डावीकडे खाली तुटलेली. मध्ये अक्षरं: दिवाणी न्याय लय.

मी बाईचा कागद ठशाशेजारी ठेवला. काना नव्हता तिथे तिनं एक चौकट कोरी सोडली होती. ती कोरी चौकटसुद्धा नेमकी त्याच जागी होती. तिनं तो कागद किती वेळ पाहिला असेल? घरात दोन परके पुरुष, नवरा खोकतो आहे, ताण्यावर कोयता चाललेला. तेवढ्यात तिच्या नजरेनं तो शिक्का टिपला होता. आम्ही शिकलेली माणसं मात्र चूक तिची धरून बसलो होतो.

म्हाताऱ्यानं उरलेलंही सांगितलं. कचेरीच्या कारकुनानं कोर्टाची परवानगी नंतर आणून देतो म्हणून काम करवून घेतलं होतं. नाव-पत्ता वहीत होता. "मी म्हटलं, चूक झाली, दुसरा करून देतो. तर म्हणाले, राहू द्या. वाचतं कोण? ज्यांना दाखवायचा, त्यांना अक्षर येत नाही."

हेच वाक्य मी मालकासमोर उच्चारलं. पुढे वही उघडी ठेवली, शेजारी बाईचा कागद. तो आळीपाळीनं दोन्हींकडे पाहत राहिला. त्या दिवशी चहा त्यानं तसाच ठेवला. कारकुनानं त्याच दुपारी कबुली दिली, आणि त्यानंतर ती दोन माणसंही बोलायला लागली.

मुद्देमाल खटला संपेपर्यंत ठाण्यात राहतो. बाईनं विचारलं, "मले माग कदी भेटन? केस चालन तवर आमी खाऊ काय?" मी कोर्टाकडे अर्ज केला आणि सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करू अशा लेखी हमीवर, सगळ्यांना आपापली वस्तू मिळवून दिली. ज्याचे त्याचे लोक येऊन घेऊन गेले. हजामतीची खुर्ची नेणाऱ्यानं ती ठाण्याच्या आवारात खाली ठेवली, तिच्यावर स्वतः बसून पाहिलं आणि मगच डोक्यावर घेतली.

खटल्यात बचावाच्या वकिलानं बाईला तोच प्रश्न केला. वाचता येत नाही, मग शिक्का ओळखला कसा? ती म्हणाली, "तुमी वाचता म्हनून तुमाले पाहाची गरज नाही पडत. मले पाहा लागते." मॅजिस्ट्रेट साहेबांनी लेखणी थांबवली आणि तिचं म्हणणं शब्दशः टिपून घ्यायला सांगितलं. आरोपींना शिक्षा झाली. सावकाराचं राहिलेलं कर्ज तिनं फेडलं, पण प्रत्येक हप्त्याला पावती हातात पडल्यावरच पैसे सोडले. पावती देणं सावकाराला कायद्यानं बंधनकारक आहे, हे तोपर्यंत तिनं सरकारी वकिलांना विचारून घेतलं होतं.

पुढे ज्या ज्या ठाण्यात माझी बदली झाली, तिथे दिवाणीचं ते कलम मी मराठीत लिहून भिंतीवर लावलं. कर्ज असणं हा गुन्हा नाही, आणि कर्जदाराच्या घरातून वाटेल ते उचलून नेण्याचा हक्क कोणालाही नाही, हे हाताखालच्या प्रत्येक शिपायाला समजावलं. "हा दिवाणी मामला आहे" असं म्हणून लेखणी खाली ठेवणं मात्र मी त्या दिवसापासून बंद केलं. किती माणसं तेवढ्या एका वाक्यावर माझ्या दारातून परत गेली असतील, हा विचार अजून छळतो.

निकालानंतर काही महिन्यांनी दुसऱ्या एका कामासाठी मी आणि जमादार त्या गल्लीत गेलो होतो. तिच्या घरापाशी आलो तर दार उघडं होतं. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून ती बसली होती. भोवती सात-आठ बायका होत्या, काही ओळखीच्या, काही दुसऱ्या वस्तीतून आलेल्या. ती आडवं सूत ओवायचा धोटा हातात धरून सांगत होती.

"पयले विचाराचं, कोन्या कोर्टाचा कागद हाय. कागद हातात घ्याचा, नुसता पाहाचा नाही. नाही देत म्हनला तर समजाचं, खोटा हाय वं. मग शेजाऱ्याले हाक माराची..."

जमादार हळूच म्हणाले, "साहेब, आत जायचं ना?"

मी गणवेशात होतो, तरी टोपी काढून हातात घेतली.

"थांबा," मी म्हणालो, "तिचं सांगून होऊ द्या." आणि आम्ही दोघं दाराबाहेर उभे राहून ऐकत राहिलो.