स्वभाव : शांत, सहनशील

सरांनी खिशातून सॅनिटायझरची छोटी बाटली काढली आणि सगळ्या वर्गासमोर माझ्या तळहातावर दोनदा दाबली. म्हणाले, "आधी हात स्वच्छ कर, बाळा. मग करिअरचं बोलू."

वर्ग हसला. मीही हसले. बाकीच्यांचं हसू मी विसरले असते. माझं विसरता येत नाही.

साताऱ्यातलं कॉलेज. बारावीचं वर्ष. हे सर पुण्याहून आलेले करिअर मार्गदर्शक होते. स्वतःला ओळखा, आपल्या भावना काय सांगतात ते ऐका, त्यातूनच तुमचं काम सापडेल, असं तासभर बोलले. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. मला ते पटलं होतं. मग त्यांनी एक कागद वाटला. प्रश्न होता, कोणतं काम करताना तुम्हाला वेळेचं भान राहत नाही? शेजारच्या मुलीने नृत्य लिहिलं. पुढच्या मुलाने ट्रेकिंग. मी खरं लिहिलं. विचारलंय म्हणजे ऐकायचंही असेल, असं आमच्यासारख्यांनाच वाटतं.

मी लिहिलं, "अडलेल्या मेंढीच्या पोटात हात घालून कोकराचे पाय सरळ करताना."

आम्ही म्हसवडच्या बाजूचे धनगर. माझ्या वडिलांचा, आप्पांचा, पंजा रुंद, माझा लहान. मेंढी अडली की ते मलाच हाक मारायचे. आत काही दिसत नाही. पाय पुढचा की मागचा, बोटांनीच ओळखायचं. मेंढीला कळ आली की मनगट आवळलं जातं. तेव्हा थांबायचं. घाई केली की कोकरू जातं. बाहेर आलेलं ओलं कोकरू पहिल्यांदा डोकं झटकायचं, तेव्हा माझ्या छातीत काहीतरी हलायचं. त्या कागदावर भावनांची यादी छापली होती. त्यात ते नव्हतं.

सरांनी माझा कागद मोठ्याने वाचला. "हात कुठे घालतेस? जरा परत सांग." मागून कुणीतरी बें बें केलं. मग ती बाटली. आणि शेवटी, "ही आवड नाही गं, ही मजबुरी."

आप्पा त्या दिवशी मला भेटायला आले होते. फाटकाशी उभे, खांद्यावर घोंगडी.

"का हसत व्हती गं सगळी?"

"सरांनी विनोद सांगितला."

"मग आमाला बी सांग की."

मी सांगितला नाही. हाताला अजून त्या औषधाचा वास येत होता.

आठवड्याने माझा अहवाल आला. स्वभाव : शांत, सहनशील. योग्य क्षेत्र : स्वागतकक्ष. मी अपमान गिळला होता. त्यांनी तो गुण म्हणून लिहिला. आणि मी, पुस्तकं वाचणाऱ्या शहाण्या मुलीने, ते खरं मानलं.

सांगलीत गाड्यांच्या एका शोरूममध्ये सहा वर्षं हसले. दारातून येईल त्याला हसले. एका दुपारी आप्पांचा फोन आला.

"मेंढी अडलीया. माझा हात जाईना. कसं करू, सांग गं."

समोर ग्राहक उभा होता. मी हसून "सॉरी सर" म्हणाले आणि फोन कापला. संध्याकाळी मी उलट फोन केला.

"दोनी गेली," आप्पा म्हणाले. "ऱ्हाऊ दे. तू कामात व्हतीस."

एवढंच. कधी टोचून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्याच वर्षी ते गेले.

तेरावं करून मी कामावर परतले. मॅनेजर काउंटरपाशी आले. "मॅडम, चेहरा असा नको. दुःख घरी ठेवून येत जा. तुमचा तर स्वभाव शांत आहे."

"नाही," मी म्हणाले. "मला राग आलाय."

"कुणाचा?"

"आधी माझा. मग तुमचा."

छातीवरची नावाची पट्टी काढून काउंटरवर ठेवली.  हे दुःख नव्हतं. दुःख मला चांगलं ओळखता येतं. सहा वर्षं जिला मी शांतता म्हणत होते, ती भीती होती. हे मला कुठल्या मार्गदर्शकाने सांगितलं नाही. आप्पांच्या मरणाने सांगितलं.

आता गावी आहे. पशुसंवर्धनाच्या पदविकेचा अर्ज समोर आहे. अभ्यासक्रम का निवडला, असा रकाना आहे. त्यात मी बारावीत लिहिलेलं तेच वाक्य लिहिलं आहे. एक शब्दही बदललेला नाही. याने आप्पा परत येणार नाहीत. ती मेंढी आणि तिचं कोकरूही येणार नाही. त्या फोनची माफी मला कुणाकडून नको आहे.

मुलाखतीत कुणी हे वाक्य मोठ्याने वाचायला घेतलं, तर कागद त्याच्या हातातून काढून घेईन आणि मीच वाचेन. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. त्याला हसायचं असेल तर हसू दे.

मी हसणार नाही.