साडेनऊ वाजता तीनचा भोंगा

सांगायला तोंड नाही, पण तुम्ही चहा पाजलाय म्हणून सांगतो. भोंगा वाजला की आजही माझी मान आपोआप खाली जाते!

नव्वदीचं दशक संपत आलेलं. सिल्व्हासाजवळ मसाटला आमचा प्लॅस्टिकच्या धाग्याचा कारखाना. मी नाशिकहून आलेला इंजिनिअर, प्रोबेशनवर. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे ठरवायला मुंबईहून शेठ येणार होते.

पाळीचा भोंगा एका कॉम्प्युटरवरून आपोआप वाजायचा. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स होतं, कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या आमच्या वैद्यमॅडमनी बसवलेलं. ते दोन तऱ्हांचं मिळायचं. एक स्टेबल, तपासून-सवरून वर्ष-दोन वर्षांनी बदलणारं. दुसरं रोज ताजं, नवं निघेल ते लगेच अंगावर घेणारं. आता त्याला रोलिंग म्हणतात. मॅडमनी अर्थातच स्टेबल घेतलेलं.

पण शेठसमोर असलं शिळं सॉफ्टवेअर? छे!

"अहो, भोंगा तर वाजवायचाय," मॅडम म्हणाल्या. "त्याला रोज ताजं कशाला?"

"मॅडम, जग कुठे चाललंय!"

"जाऊ दे ना जगाला. तुम्ही हात लावू नका."

लावला! शेठ यायच्या दिवशी, सातची पाळी आत गेल्याबरोबर, पुण्याच्या मित्राच्या सीडीवरून नवंकोरं चढवलं. काय देखणं दिसत होतं हो! फक्त त्या शहाण्या सॉफ्टवेअरनं कॉम्प्युटरमधली आपली वेळ लंडनची समजून तीत साडेपाच तास मिळवले. म्हणजे सकाळी साडेनऊला त्याचे दुपारचे तीन. घड्याळ तपासायचं मला सुचलंच नाही.

साडेनऊला भोंगा झाला. पाळी सुटली!

मी फाटकाकडे धावलो. "अरे थांबा! साडेनऊच वाजलेत!"

"साहेब, तुमीच लिव्हलंय ना?" सुटलेल्या पाळीतल्या धुळ्याच्या पाटीलभाऊंनी फाटकावरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

'भोंग्याची वेळ हीच खरी वेळ. मनगटावरच्या घड्याळाची सबब चालणार नाही.' खाली माझी सही! लोक पाच मिनिटं आधी निघतात म्हणून मीच मोठ्या तोऱ्यात लावली होती.

तेवढ्यात समोरच्या कामगारांच्या खोल्यांतून दुसरी पाळी धावत आली. उशीर झाला, पगार कापतील! एकाच्या हातात अर्धी भाकरी, एकाची अर्धीच दाढी. आत मशिनं बंद, धागे तुटलेले. आणि दोन पाळ्यांच्या मधोमध अडकलेली शेठची गाडी!

काच खाली झाली. "आ शुं चाले छे?"

"शेठ, पाळी बदलतेय." काय बोलून गेलो मी!

शेठनी मनगटावर पाहिलं. मग पाटीवर पाहिलं. "सही कोनी छे?"

"माझी."

अर्ध्या दाढीवाल्यानं हळूच विचारलं, "साहेब, मंग आता परत तीनला यायचं का?"

लाज वाटली हो. त्याच्याकडे वर मान करून बघता येईना.

संध्याकाळी मॅडमनी जुनं स्टेबल परत चढवलं. पण शेठचा कॉम्प्युटरवरचा विश्वासच उडाला होता. भोंगा यापुढे माणसानं बटण दाबूनच वाजवायचा, असा हुकूम निघाला.

आणि मला? केलं ना कायम! सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा. बटण दाबायला.