दिवा विझायची वेळ

आमच्या जुन्या गाडीचं दार लावलं की आतला दिवा लगेच विझायचा. आईला अंधारात दिसत नसे. एकदा गाडीतून उतरून घरात जाताना ती पायरीवर पडली. त्यानंतर गाडीत बसायचंच तिनं सोडलं.

उमरग्याला हमरस्त्यावर ट्रकचं वायरिंग करणारा एकजण होता. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आईसाठी दार लावल्यावरही दिवा थोडा वेळ राहील का, असं मी विचारलं. त्यानं गाडीकडं बघितलंसुद्धा नाही.

"मावशी चालत्यात कशा?" म्हणाला. "घेऊन या त्यांना."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी रिक्षानं आलेल्या आईला त्यानं वीस पावलं चालवलं, गाडीपासून आमच्या दारापर्यंत असतात तेवढी. मागून तो ओठ हलवत चालला. कान दिला तेव्हा कळलं, तो बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हणत होता. वीस पावलांत ते एकदा म्हणून झालं.

"घड्याळ नाही का?" मी विचारलं.

"हाय की. पन लहानपणापासून ह्याचीच चाल पक्की बसलीय."

रिले आणि कंडेन्सर जोडून त्यानं दार लावलं. खिडकीतून हात घालून दिव्याला तळव्याचा आडोसा धरला आणि त्रिसरण सुरू केलं. ते संपलं तरी दिवा जळतच होता. दुसऱ्यांदा म्हणून झालं, तेव्हा विझला.

"जास्त झालं की हे!"

"आज जास्त हाय," तो म्हणाला. "मावशी काय जन्मभर ह्याच चालीनं चालनार हायेत व्हय?"

मला राग आला. आई मात्र हसली आणि गाडीत जाऊन बसली.

आता तिच्या हातात काठी आहे. ती पायरी चढते, दम खाते, कडी काढून आत जाते. मग दिवा विझतो.