पाचपैकी सहा

शनिवार, आठ मार्च. रक्कम दोनशे चाळीस डॉलर. हजर तिघं: दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत मेश्राम सर, त्यांच्या तोंडात डोकावणाऱ्या बाई आणि कोपऱ्यात मी. सर म्हणजे आमच्या शेजारच्या पल्लवीचे वडील. नागपूरच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले, सहा महिन्यांसाठी प्लेनोला लेकीकडे आलेले. शनिवारी तिची ड्युटी, म्हणून गाडी मी काढली होती.

सर प्रत्येक गोष्टीला गुण देत. माझ्या पार्किंगला दहापैकी चार. "रेघ कायला आखून ठेवली बाप्पा?" आमच्या हिच्या पोह्यांना नऊ, एक गुण करपलेल्या शेंगदाण्यांचा कापला.

बाई एकेका दाताशी तीन-तीन जागी बारीक सळई लावून मोजत होत्या आणि आकडे मोठ्यानं सांगत होत्या. "थ्री, टू, थ्री." सरांचा चेहरा पडला. मग मागच्या दाढा आल्या. "फाइव्ह, फाइव्ह, सिक्स." सरांनी माझ्याकडे बघून अंगठा उंचावला.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "पुढचे दात कच्चे निघाले. पण दाढा पाहिल्या ना? पाचपैकी सहा!"

"सर, ते मिलिमीटर होते. दात आणि हिरडी यांच्यातली फट. तीनपर्यंत ठीक, पुढे वाईट. तुमच्या दोन दाढा हलतायत. तीन महिन्यांत आकडा उतरला नाही तर काढाव्या लागतील म्हणाल्या."

घरापाशी उतरताना सर म्हणाले, "म्हणजे मी नापास होऊन हसून राहिलो होतो?"

दाढांवर त्यांचा जीव होता. पुढचे दात फोटोसाठी, फुटाणे दाढांनीच खायचे, असं त्यांचं मत.

दुसऱ्या दिवशी कडक ब्रश आणि काळं मंजन कचऱ्यात गेलं. मऊ ब्रश आला. तो हिरडीच्या कडेला पंचेचाळीस अंशांत धरायचा असं बाईंनी सांगितलेलं. सरांनी नातीच्या कंपासपेटीतला कोनमापक गालाला लावून आरशात खात्री केली.

पल्लवी ओरडली, "बाबा, ब्रश करून राहिले का भूमिती?"

"दोन्ही."

दोन वेळा, दोन-दोन मिनिटं, घड्याळ लावून. जोर नाही. "फळा पुसायचा असतो, खरवडायचा नसतो." रात्री फ्लॉसचा हातभर दोरा दातांच्या फटींतून. मग त्यांनी माझीही तोंडी परीक्षा घेतली.

"फ्लॉस केलं?"

"हो सर."

"काल?"

"...आज."

"आज तुमची अपॉइंटमेंट आहे ना? परीक्षेच्या सकाळी पुस्तक उघडणारा पोरगा मी चालीवरून ओळखतो."

जूनमध्ये पुन्हा तीच खुर्ची. सरांनी दोन्ही हातांनी तिचे दांडे धरले होते. दाढा आल्या. "थ्री, थ्री, फोर." बाईंनी दाढा हलवून पाहिल्या, सळई खाली ठेवली आणि म्हणाल्या, "यू कॅन कीप देम."

सर गळ्यातल्या कागदी लाळेऱ्यासकट उठले आणि बाईंचा हात बराच वेळ हलवत राहिले.

काउंटरवर नव्वद डॉलर झाले. पल्लवीनं दिलेलं कार्ड सरांनी खिशातच ठेवलं आणि पेन्शनमधून बदलून आणलेल्या नोटा काउंटरवरच्या मुलीला मोजून दिल्या. तिनं पावती सहीला पुढे केली. सरांनी खिशातलं लाल पेन काढलं, सही केली, आणि सवयीनं वर लिहिलं: 'प्रगती समाधानकारक'.

मुलीनं पावती उलटसुलट पाहिली. "वॉव! दॅट्स अ लाँग नेम."

"येस," सर म्हणाले.